पानामागची तांबडी पोरं

शेवंतीकाकीने मला आजवर एकदाही मॅडम म्हटलेलं नाही. तोंडवलीत बाकी सगळे म्हणतात. मी इथली कृषी सहाय्यक. स्कूटीवरून पाच गावं फिरते, काजू-आंब्यावरची कीड ओळखते, कधी काय फवारायचं ते सांगते. माझं नाव दिव्या आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसावं. काकी मात्र पहिल्या दिवसापासून मला 'बाये' म्हणते. गेल्या जानेवारीत जे झालं त्यानंतर तिने मला दुसरं काही म्हटलं असतं तरी मी निमूट ऐकून घेतलं असतं.

जे झालं ते माझ्याच घाईमुळे झालं. पण ते सांगायचं तर आधी काकी सांगायला हवी.

शेवंती गुरव, वय सदुसष्ट, उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि चालायला लागली की मला मागे टाकते. तिचा नवरा दत्ताराम गावातल्या मारुतीची पूजा करतो. माळेचं काम काकीकडे. दर शनिवारी मारुतीला रुईच्या एकशे आठ पानांची माळ लागते, आणि ती काकी लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून करते आहे. सेहेचाळीस वर्षं झाली. मध्ये दोन बाळंतपणं आणि एकदा पाय मुरगळला तेवढे शनिवार सोडले तर खाडा नाही, असं ती सांगते. दत्तारामकाका म्हणतात, "पाय मुरगळलेलो तेवाय तिनाच केल्यान. मी नुसती पानां आणून दिलंय, तीय तिका पसंत पडाक नाय."

पसंत पडणं अवघडच. काकी शुक्रवारी दुपारी हातांना खोबरेल चोळून निघते, कारण रुईचा चीक फार वाईट, डोळ्याला लागला तर दिवस फुकट जातो. समुद्राकडून वर येणाऱ्या पायवाटेला लिओन आल्मेडाची काजूची बाग आहे. बागेच्या खालच्या अंगाला जांभ्या दगडांचा गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, आहे आणि त्या गडग्याला लागून रुईची रांगच्या रांग. काकी तिथे एकेका पानापुढे उभी राहते, पान तोडायच्या आधी ते हलकेच उलटं करते आणि खाली बघते. खाली काही नसेल तर पान पिशवीत. काही असेल तर पान तसंच ठेवून पुढे. मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेले तेव्हा एकशे आठ पानांना दीड तास लागला. मी वैतागले होते. म्हटलं, काकी, घरी नेऊन झटकली तर नाही का चालणार?

"ज्या पानार पोर आसा तां पान देवाचा नाय, पोराचा," काकी म्हणाली. "देवाक दुसरा गावता. पोराक खंय गावतला?"

पोर म्हणजे किडीचं पिल्लू. रुईवरच्या सगळ्यांना तिने आपली नावं ठेवली आहेत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी, जिचं पुढे तांबूस फुलपाखरू होतं, ती शिंगाळी, कारण तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. काळसर, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची आणि तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी एक अळी असते, ती सुसर. आमच्या पुस्तकात यांना लांबलचक लॅटिन नावं आहेत. ती मी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. काकीची नावं एकदा ऐकली आणि विसरता आली नाहीत.

पानांबद्दल लिओनच्या घराशी काकीचा जुना ठराव आहे. तो ठरवला लिओनची आई पिएदादबाई हिने. रुईची पानं मारुतीला, आणि मे महिन्यात त्यांच्या दारातल्या खुरसाची, म्हणजे क्रुसाची, प्रार्थना असते तेव्हा खुरसाला काकीच्या हातची अबोलीची माळ. पिएदादबाई जाऊन तीन वर्षं झाली. ठराव कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण कुणी विसरलंही नव्हतं.

आता माझा पराक्रम.

जानेवारीतला गुरुवार. मी तालुक्याला मीटिंगमध्ये बसले होते. समोर कुणीतरी आकडे वाचत होतं आणि मी टेबलाखाली मोबाइल बघत होते. लिओनचा फोटो आला. रुईचं एक उकललेलं बोंड, त्यातून कापूस बाहेर आलेला, आणि त्यावर लालभडक पिल्लांचा नुसता बुजबुजाट. खाली प्रश्न, 'मॅडम, ही ढेकण्याची पिल्ले का?'

ढेकण्या म्हणजे आमच्याकडे काजूवाल्यांचा काळ. डासाएवढा किडा, पण कोवळ्या फुटीत आणि मोहोरात सोंड खुपसतो, तिथे काळा डाग पडतो आणि आठवड्याभरात झाड विस्तव लागल्यासारखं दिसतं. त्याची पिल्लंही तांबडीच असतात. आदल्या वर्षी लिओनचा निम्मा मोहोर ढेकण्याने घालवला होता. जहाजावरची नोकरी सोडून आलेला माणूस, सात वर्षं बाग वाढवली, आणि मोहोर जळला त्या दिवशी तो गडग्यावर बसून राहिला होता ते मी पाहिलं होतं. मला त्याची काळजी वाटली हे खरं. पण मी फोटो मोठा करून बघितला नाही, हेही खरं. मी लिहिलं, 'हो, तीच दिसतात. गडग्यावरची झुडपे तोडून जाळा, मग फवारणी करा.' वर आणखी शहाणपणा म्हणजे तोच फोटो आणि तोच सल्ला मी काजू बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला. दोनशे बारा माणसं आहेत त्या ग्रुपवर. सोळा जणांनी मला अंगठा दाखवला, वरच्या दिशेचा.

शुक्रवारी काकी पानांना गेली तेव्हा लिओन गडग्यापाशी कोयती घेऊन उभा होता. तिला म्हणाला, "काकी, व्हयी तितकी पानां काढून घे. सोमवारी सगळी रुय तोडतंय. मॅडमनी सांगल्यानी, तेच्यार ढेकण्याची पिल्लां आसत."

शनिवारी माळ मारुतीच्या गळ्यात पडल्यावर काकी तशीच माझ्या खोलीवर आली. सुट्टीचा दिवस, मी केस धुऊन दारात बसले होते. तिने कमरेला खोचलेली काचेची बाटली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आत रुईच्या बोंडाचा तुकडा आणि त्यावर दहा-बारा लाल पिल्लं.

"बाये, ही कोणाची पोरां?"

"ढेकण्याची," मी म्हणाले.

"वळाखलंस कसा?"

"लिओनने फोटो पाठवला होता."

"फोटोत पाठ दिसली? खातत काय तां दिसला?" काकीचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी शिकलेली, नोकरीवरची, आणि ही मला बाटली दाखवते. मी आतून भिंग घेऊन आले, जरा तोऱ्यातच आले, आणि बाटलीला डोळा लावला.

तोरा तिथेच उतरला. ढेकण्याच्या पाठीवर एक बारीक टाचणी उभी असते, डोकं वर असलेली. तो लहान असला तरी ती दिसते. या पिल्लांच्या पाठीवर टाचणी नव्हती. अंगाने जाड होती, पाय आखूड होते, आणि एकमेकांना बिलगून बसली होती. ढेकण्या असा घोळक्याने बसत नाही. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत मी याचे पाच पैकी पाच घेतले होते. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या ढेकण्यालाही टाचणी नसते, हेही त्याच पानावर होतं, आणि बाटलीतली दोन-तीन पिल्लं अगदी मोहरीएवढी होती.

"बहुधा नसावीत," मी म्हणाले.

"परवा आसत आणि आज बहुधा नाय," काकी म्हणाली. "पोरां ल्हान आसताना सगळी तांबडीच दिसतत. चल लिओनाकडे."

लिओन अंगणात फवारणीचा पंप धूत होता. मी त्याला सांगितलं की माझी चूक झाली असावी. 'असावी' हा शब्द त्याला अजिबात आवडला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

"गेल्या वर्सा माझो मोहोर जळलो," तो काकीला म्हणाला, माझ्याकडे न बघता. "औंदा परत जळलो तर मी कोणाक इचारू? तुका पानां मी दुसरीकडसून आणून दितंय, काकी. खाडीपलीकडे भरपूर रुय आसा. गाडयेन आणून दितंय दर शुक्रवारी."

हे तो मनापासून म्हणत होता. आणि काकी 'बरा' म्हणाली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. तिला पानं मिळाली असती, मारुतीला माळ मिळाली असती, मलाही कुणी काही बोललं नसतं. पण काकी गडग्याकडे बघत राहिली. सेहेचाळीस वर्षं ती त्या झुडपांपुढे उभी राहिलेली. कुठल्या फांदीवर शिंगाळी येते आणि कुठल्या बोंडाला मुंग्या लागतात हे तिला न बघता सांगता येतं.

"माका आठ दिस दी," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत. तुझ्या काजीचो एक शेंडो जरी ह्या पोरांनी काळो केल्यानी, तर मीच कोयती घेवन येतंय."

लिओनने पंप खाली ठेवला. आठ दिवस म्हणजे मोहोराच्या दिवसांत थोडे नव्हेत. तरी तो हो म्हणाला. काकीला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नाही, पिएदादबाईच्या वेळेपासून.

मी सुचवलं की पिल्लं नुसत्या काजूच्या शेंड्याबरोबर ठेवू. खाल्ला तर ढेकण्या, नाही खाल्ला तर नाही. दोन दिवसांत कळेल.

"उपाशी ठेवन इचारूचा नाय," काकी म्हणाली. "भुकेक पोर कायव खाईत. ताटां दोनय वाढूची, मगे बघूचा कोण खंय बसता."

मला हे पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं.

तर काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीच्या कट्ट्यावर लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या आल्या. तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला. दोन्हींत एकीकडे रुईचं बोंड, दुसरीकडे काजूचा कोवळा शेंडा पाण्याच्या कुपीत खोचलेला. पहिल्या बरणीत गडग्यावरची लाल पिल्लं. दुसरीत खरा ढेकण्या हवा होता, म्हणून रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी आणि लिओन बागेत शिरलो. तासाभरात चार पिल्लं मिळाली. मी लिओनच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ एका डोळ्याने बघत होता.

"मेल्याच्या पाठीर खरीच टाचणी आसा," तो म्हणाला. "सात वर्सा मी ह्येका मारतंय आणि ह्येचा तोंड आज बघतंय."

सोमवारी सकाळी मी ऑफिसच्या आधी काकीकडे गेले. लिओन माझ्याआधी येऊन कट्ट्यापाशी उकिडवा बसला होता. दुसऱ्या बरणीत काजूच्या शेंड्यावर तपकिरी डाग पडले होते, एके ठिकाणी डिंकाचा थेंब आला होता. बोंडाकडे एकानेही ढुंकून पाहिलं नव्हतं. पहिल्या बरणीत शेंडा हिरवागार होता आणि सगळीच्या सगळी पिल्लं बोंडातल्या बियांवर सोंडा लावून बसली होती.

मी मोठ्याने हसले, इतकं बरं वाटलं. लिओन हसला नाही. "एक दिस झालो," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत बघूया." माणूस एकदा पोळलेला, त्याला आठच्या आठ दिवस हवे होते.

तो रोज यायचा. मीही जायचे. पाहिलं तर काम दोन मिनिटांचं, पण काकी चहा ठेवायची, दत्तारामकाका पेपर मोठ्याने वाचायचे, आणि मला ऑफिसला उशीर व्हायचा. त्या आठवड्यात मी फार सुखात होते असं आता लिहिताना लक्षात येतं.

बुधवारी मी काकीला विचारलं, तुला एवढी खात्री कशी होती. मला वाटलं ती म्हणेल, सेहेचाळीस वर्षं बघते आहे. ती केळीच्या वाखाचा दोरा वळत होती, तो तिने थांबवला.

"खात्री नाय होती," ती म्हणाली. "भय होता. मी एकदा चुकलेलंय म्हणान."

मग तिने सांगितलं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. पाठीवर ठिपके असलेला लाल गोल किडा असतो ना, ज्याला ती टिकली म्हणते, तो तिला भारी आवडायचा. दिसला की हातावर घ्यायची, बोटावरून उडून जाईपर्यंत बघत बसायची. आणि त्याच पानांवरच्या त्या काळ्या खरखरीत अळ्या, सुसरी, तिला किळसवाण्या वाटायच्या. देवाच्या पानावर असली घाण नको म्हणून तिने एका हिवाळ्यात दिसेल ती सुसर बोटाने चिरडली. पुढच्या महिन्यात रुईवर पिवळा मावा असा माजला की पानं चिकट झाली, बुरशीने काळी पडली. एका शनिवारी माळेला अकरा पानंही धड मिळाली नाहीत. टिकल्याही कुठे दिसेनात.

"मगे एक सुसर जगली होती, ती मी बरणीत ठेवलंय. माव्याची पानां घालून. धा-बारा दिसांनी बघतंय तर बरणीत टिकली." काकी माझ्याकडे बघत नव्हती. "जेका मोठा झाल्यार हातार घेय होतंय, तेकाच ल्हान आसताना चिरडलेलंय. तेवापासून मी पान उलटा करतंय."

माझ्या ग्रुपवरच्या सोळा अंगठ्यांची मला आठवण झाली. त्यातल्या कुणी झुडपं तोडली असतील का हे मी अजून विचारलंच नव्हतं, आणि ते का विचारलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी पहिल्या बरणीत चार-पाच कातड्या पडलेल्या होत्या, फिकट, पोकळ. आणि बोंडाच्या टोकावर एक पूर्ण वाढलेला किडा बसला होता. पाठीवर पंख आले होते, लाल आणि त्यावर काळी नक्षी. लिओनने बरणी उचलून उजेडात धरली आणि त्याचा चेहरा पार बदलला.

"ह्यो?" तो म्हणाला. "ह्यो तर रुयचो ढेकूण. आमची डबलगाडी."

लहानपणी शाळेतून येताना तो आणि त्याची भावंडं याच गडग्यावर हे किडे शोधत. त्यांच्या जोड्या पाठीला पाठ लावून चालतात, पुढचा ओढतो आणि मागचा उलटा फरफटत जातो. पोरं त्यांच्या शर्यती लावायची. आई ओरडायची, काकी कधीकधी पंच असायची. पन्नाशीचा लिओन हे सगळं हातवारे करून सांगत होता आणि मला म्हणत होता, मोठा दिसला असता तर मी तुम्हाला फोटोच पाठवला नसता. मोठ्याला सगळे ओळखतात.

"रुय रवता," तो काकीला म्हणाला. काकीने नुसती मान हलवली आणि आत जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आली. शुक्रवार होता.

मी तिथेच कट्ट्यावर बसून मोबाइल काढला. काय लिहू ते सुचेना. 'काही तांत्रिक कारणाने' असं लिहिलं आणि पुसलं. काकी हातांना तेल लावत माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिला वाचता येतं, पण चष्मा आत होता.

"काय लिवलंस ता वाच."

"काहीच नाही लिहिलं."

"मगे जसा झाला तसा लिव."

मी लिहिलं, 'गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी मी फोटो नीट न बघता चुकीचं सांगितलं. ती ढेकण्याची पिल्लं नाहीत, रुईच्या ढेकणाची आहेत, त्यांचा काजूला त्रास नाही. रुई तोडू नका. ज्यांनी तोडली असेल त्यांची मी माफी मागते.' खाली दोन्ही बरण्यांचे फोटो टाकले आणि टाचणी कुठे बघायची ते लिहिलं. तीन जणांचे फोन आले. दोघांनी तोडली होती. एकाने मला चांगलंच सुनावलं, आणि मी ऐकून घेतलं. तिसरा म्हणाला, मॅडम, मला कंटाळा आला म्हणून राहून गेलं होतं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मीही देवळात गेले. लिओन बाहेर पारावर बसला होता. काकी माळ ओवत होती आणि दत्तारामकाका पूजेला खोळंबले होते. शेवटी मोजलं तर एकशे सात पानं भरली. एकाला भोक होतं म्हणून काकीने ते बाजूला काढलं होतं. मी म्हटलं, थांबा, मी आणते. आठवड्याभराच्या पुण्याईने माझी छाती फुगलेली होती. पळत गडग्याकडे गेले, हाताला तेल न लावताच एक मोठं, कोवळं, लव असलेलं पान देठापासून खुडलं आणि पळतच परत आले.

काकीने पान हातात घेतलं. हलकेच उलटं केलं. मग ते माझ्यासमोर धरलं. मागे शिरेच्या कडेला दोन लाल पिल्लं बसली होती, मोहरीएवढी.

पारावर लिओन इतका हसला की त्याला ठसका लागला. काकी हसली नाही. तिने पान माझ्या ओंजळीत ठेवलं.

"जा बाये, घराकडे सोडून ये. आणि येताना रिकामा पान घेवन ये."

मी ते पान दोन्ही हातांत धरून सावकाश चालत गेले. पिल्लं बोंडावर उतरेपर्यंत थांबले, मग एकेक पान उलटं करून बघत राहिले. सातवं रिकामं मिळालं. त्या शनिवारी मारुतीची माळ पाव तास उशिरा चढली, आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला तो माझ्यामुळे, हे काकी येईल त्या प्रत्येकाला सांगते.